टक्का तोच, मुले वेगळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने वजनात कमी भरली. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हाच आकडा पुन्हा २५.६ आला. दशांशातही फरक नाही. त्यावर दोन प्रकारची मते ऐकायला मिळाली. कोणी म्हणाले, परिस्थिती निदान बिघडली तरी नाही. कोणी म्हणाले, एवढा खर्च करून काहीच हलले नाही.

दोन्ही मते एकाच गृहीतावर उभी आहेत. टक्का हलला नाही म्हणजे मुलांचे काही हलले नाही, असे ते गृहीत. खरे तर दोन्ही पाहण्यांतली मुले वेगवेगळी होती. पहिल्या वेळी जी तीन वर्षांची होती ती दुसऱ्या वेळेपर्यंत शाळेत जाऊ लागली होती. अशी पाहणी एखाद्या वेळचे राज्याचे छायाचित्र देते, आणि ते काम ती चोख करते. पण एखाद्या मुलाचे पुढे काय झाले, हे छायाचित्रातून कळत नाही. त्यासाठी तेच मूल पुन्हा पुन्हा मोजावे लागते. आपल्या अंगणवाड्यांत ते दर महिन्याला मोजले जाते. मोजल्यानंतर त्या नोंदीचे आपण काय करतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आधी माझीच एक चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी, मराठवाड्यातल्याच एका गावी नोकरीला असताना एका आढावा बैठकीत मला कुपोषणावर बोलायचे होते. एका गावाच्या तक्त्यात मे महिन्यात तीव्र कुपोषित मुले आठ आणि नोव्हेंबरातही आठ होती. मी शेऱ्यात लिहिले, ‘स्थिती स्थिर’. बैठक संपल्यावर त्या गावची सेविका थांबली. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मेमधले आठ आन् आत्ताचे आठ, एक न्हाईत ते.” तिने स्वतःची वही उघडली. मे महिन्यातल्या आठांपैकी पाच सुधारली होती. दोन मुले दिवाळी होताच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, त्यामुळे त्यांचे वजनच झाले नव्हते. एक मूल होते तसेच होते. म्हणजे नोव्हेंबरातल्या आठांत सात मुले नवी होती, आणि त्या सातांपैकी पाच एकाच वस्तीवरची. वस्तीची पाण्याची पाइपलाइन पावसाळ्यात फुटली होती आणि घरोघरी हगवण चालू होती.

माझ्या ‘स्थिर’ या शब्दाखाली तीन वेगळी दुखणी झाकली गेली होती. एका वस्तीला प्यायला चांगले पाणी हवे होते. एका मुलाला जिल्ह्याला पाठवायला हवे होते. पाठवल्यावर त्याच्या हृदयाला जन्मजात छिद्र निघाले. आणि दोन मुले कोणाच्याच हिशेबात नव्हती. आठ या आकड्यातून यातले काहीही मला दिसले नसते.

हीच गोष्ट थोड्या मोठ्या आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका भागात २०० मुले आहेत. उन्हाळ्यात त्यांतली ४० कुपोषित आणि दिवाळीनंतरही ४० कुपोषित. दोन्ही वेळा २० टक्के. याचा एक अर्थ असा की तीच ४० मुले सहा महिने तशीच राहिली. मग त्या ४० घरांत शिरून शोध घ्यावा लागेल: क्षयरोग आहे का, जन्मजात व्यंग आहे का, घरात धान्य आहे का, आई आजारी आहे का. दुसरा अर्थ असा की आधीची ४० मुले सुधारली आणि दुसरी ४० घसरली. मग दुखणे चाळीस घरांपुरते नाही. ते पाण्यात, साथीत, हंगामात आहे आणि सगळी मुले आळीपाळीने त्यातून जात आहेत. पहिल्या प्रकारात डॉक्टर लागतो, दुसऱ्यात पाणीपुरवठ्याचा अभियंता. टक्का दोन्हीकडे एकच.

वारंवार घेतलेल्या अशा वर्गवारीच्या नोंदींसाठी संख्याशास्त्राने खास रीती तयार केल्या आहेत. त्यांतली एक जुनी आणि सोपी रीत १९४७ मधली, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅक्निमार यांची. तिचे सूत्र असे की जे बदलले नाहीत त्यांना बाजूला ठेवा आणि बदललेल्यांकडेच पाहा. समजा, उन्हाळ्यात २०० पैकी ६० मुले कुपोषित होती आणि दिवाळीनंतर ४०. नुसते टक्के पाहिले तर ३० वरून २० वर आलो. मॅक्निमार विचारतात, किती सुधारली आणि किती घसरली? समजा ३० सुधारली, १० घसरली. एकूण ४० मुलांनी गट बदलला. खरोखर काहीच घडले नसते आणि नुसती योगायोगाची चढउतार असती, तर हे चाळीस जण नाणेफेकीसारखे साधारण वीस-वीस वाटले गेले असते. चाळीस वेळा नाणे उडवून एका बाजूला तीस किंवा त्याहून जास्त कौल पडण्याची शक्यता हजारात दोन-तीन एवढीच असते. म्हणून इथे काहीतरी खरेच बदलले, असे म्हणता येते. पदवीपरीक्षेतल्या मुलालाही कळेल असे हे गणित आहे. त्याला फक्त एकच गोष्ट लागते: कोणते मूल कोणते, हे माहीत असणे.

दोनदा मोजण्याऐवजी बारा महिने मोजले की प्रश्न थोडा अवघड होतो. इथे एक चूक फार जण करतात, शिकलेलेही करतात. २०० मुलांची बारा वजने झाली की ‘२,४०० नोंदींवर आधारित’ असे मोठ्या अभिमानाने लिहितात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण एकाच भांड्यातली बारा शिते दाबून बारा भांडी तपासली असे कोणी सुगरण म्हणणार नाही. एकाच मुलाची बारा वजने एकमेकांची सख्खी भावंडे असतात. जे मूल जानेवारीत अशक्त ते फेब्रुवारीतही अशक्त असण्याचाच संभव जास्त. हे नाते मध्यम बळाचे, म्हणजे ०.५ एवढे धरले, तर एका मुलाच्या बारा नोंदींतून जेमतेम दोन स्वतंत्र मुलांइतकी माहिती हाती येते. बाराला बारा धरले की निष्कर्षाचा खोटा आत्मविश्वास येतो. एखादी योजना चालली नसताना चालली, असे जाहीर होते.

१९८६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कुंग-यी लियांग आणि स्कॉट झेगर यांनी या अडचणीवर एक रीत दिली. आज जगभरच्या सार्वजनिक आरोग्य संशोधनात ती वापरली जाते. एकाच व्यक्तीच्या नोंदींमधले हे नाते लक्षात घेऊनच ती सरासरी आणि तिच्यातली संभाव्य चूक काढते. दुसरी एक रीत प्रत्येक मुलाला स्वतःची अशी एक पातळी असते असे धरून चालते. तिसरी, आजच्या गटावरून उद्याच्या गटाची शक्यता काढते. तिचे मूळ रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्या कामात आहे. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या एका काव्यातली वीस हजार अक्षरे घेऊन स्वरानंतर स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा, हे मोजले होते. अक्षरांच्या जागी सॅम, मॅम आणि साधारण हे आपले तीन गट ठेवा, हिशेब तोच.

या तीन रीतींमधली निवड हा गणितज्ञांचा आपसातला विषय वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण प्रत्येक रीत वेगळ्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देते. जिल्हाधिकारी विचारतात, “आपल्या जिल्ह्यातले कुपोषणाचे प्रमाण या योजनेमुळे कमी झाले का?” त्यांना पहिली रीत हवी. आई विचारते, “माझ्या बाळाला हा आहार चालू केला तर त्याला गुण येईल का?” तिच्या प्रश्नाला दुसरी रीत जवळची. आणि मी, तपासणीच्या टेबलामागे बसलेला डॉक्टर, विचारतो, “आज मॅममध्ये असलेले हे मूल पुढच्या महिन्यात सॅममध्ये जाण्याची शक्यता किती? ह्याला घरी पाठवू की ठेवून घेऊ?” मला तिसरी हवी. आपल्या मासिक अहवालात फक्त पहिल्या प्रश्नाचे, तेही कच्चे, उत्तर असते. आईच्या आणि डॉक्टरच्या प्रश्नाला तिथे रकानाच नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी आहे असेही नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रातले जागतिक नाव. जागतिक अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी अनेक वर्षे सांभाळला आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात काम करत राहिले. त्यांचे म्हणणे असे होते की निरोगी माणसाचेही खाणे आणि खर्ची पडणारी ऊर्जा आठवड्यागणिक बदलते. म्हणून एका दिवसाची पाहणी करून सरासरी गरजेखाली दिसणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे चुकीचे आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा यावर जाहीर वाद झाला. आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनीही त्यांच्या निष्कर्षांना विरोध केला. या युक्तिवादाने खरी भूकच कागदावरून पुसली जाईल, अशी विरोधकांची भीती होती, आणि ती निराधार नव्हती. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन घसरते तेव्हा शरीर जुळवून घेत आहे असे म्हणून डॉक्टरला हात बांधून बसता येत नाही. पण सुखात्मे यांनी पुढे आणलेला मुद्दा कोणालाच टाळता येणार नाही: एक मोजमाप म्हणजे तो माणूस नव्हे. वाद निकालात काढायचा तर त्याच माणसाला पुन्हा मोजावे लागते.

पुन्हा मोजतानाही दोन फसव्या जागा असतात. पहिली म्हणजे गटांच्या सीमा. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित, आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. पट्टी थोडी सैल धरली, मूल रडत होते, मोजणारा हात बदलला, की दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. १२.४ चे १२.६ झाले की मूल कागदावर बरे झाले! उंचीचेही तसेच. हात-पाय झाडणाऱ्या दीड वर्षाच्या पोराला फळीवर सरळ निजवून मापून पाहा म्हणजे कळेल. म्हणून एका महिन्याच्या उडीवर हुरळून जाऊ नये आणि घाबरूही नये. सलग दोन-तीन महिन्यांची दिशा पाहावी.

दुसरी फसवी जागा फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्येच दाखवली होती. सगळ्यांत खालची मुले निवडून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजली, तर काही उपचार न करताही त्यांतली काही वर आलेली दिसतात. कारण निवडीच्या दिवशी त्यांच्यातल्या काहींचा वाईट दिवस होता: ताप होता, जुलाब होते. ग्राम बाल विकास केंद्रात दाखल केलेल्या मुलांपैकी किती सुधारली, हे सांगताना ही आपोआप झालेली सुधारणा वजा करावी लागते. केंद्रे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे खरे श्रेय मोजायचे तर हिशेब प्रामाणिक हवा, एवढेच.

आता सगळ्यांत गंभीर गोष्टीकडे येतो, ती म्हणजे न झालेली मोजणी. मुरूम कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. इथली लेक बाळंतपणाला आळंद-बसवकल्याणकडे माहेरी जाते आणि बाळ तिकडेच चार महिने वाढते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मुले कारखान्याच्या फडावर, कोपीत राहतात. त्या काळात गावच्या वजनकाट्यावर जी मुले येतात ती गावात राहू शकलेल्या घरांतली, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या घरांतली. त्यामुळे हिवाळ्यात टक्का खाली येतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. सर्वांत अशक्त मुले हजेरीतून गेली की आकडे सुधारतात, हे आपल्या भागातले कडू सत्य आहे.

गैरहजर मूल किती बोलते, याचे जगातले मोठे उदाहरण इंडोनेशियातले आहे. डॉ. आल्फ्रेड सोमर यांच्या पथकाने तिथल्या सुमारे साडेतीन हजार लहान मुलांचे डोळे दर तीन महिन्यांनी, दीड वर्षभर तपासले. नोंद साधी वर्गवारीची होती: रातांधळेपणा आहे की नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर डाग आहेत की नाहीत. खरे तर ते अंधत्वाचा अभ्यास करत होते. पण फेरीमागून फेरीच्या नोंदी मुलागणिक जोडल्यावर लक्षात आले की ज्यांच्या डोळ्यांत सौम्य लक्षणे होती, ती मुले पुढच्या फेरीपर्यंत निरोगी डोळ्यांच्या मुलांच्या सरासरी चौपट प्रमाणात मरण पावत होती. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रत्येक फेरीचा नुसता टक्का काढला असता, तर ही मुले एका फेरीत ‘रातांधळी’ म्हणून मोजली गेली असती आणि पुढच्या फेरीत यादीतूनच नाहीशी झाली असती. रातांधळेपणाचा टक्का उलट कमी झालेला दिसला असता. आज अंगणवाडीत मुलांना ठरावीक अंतराने ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. त्या मोहिमेला जगभर जे बळ मिळाले, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. पुढे याच नोंदी वारंवार मोजमापांचे गणित शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांत उदाहरण म्हणून आल्या.

आपला धाराशिव जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. तेव्हापासून जिल्ह्याची प्रगती महिन्याच्या महिन्याला आकड्यांत मोजली जाते. मोजणीला माझा विरोध नाही. उलट, मोजले म्हणून पैसा आणि लक्ष इकडे आले. पण ज्या व्यवस्थेत टक्का खाली आला की शाबासकी आणि वर गेला की नोटीस, तिथे मूल शोधून काढणारी सेविका अडचणीत येते आणि न शोधणारी सुखी राहते. कुपोषित मूल सापडणे हा सेविकेचा गुन्हा नाही, ती तिची कामगिरी आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनची मुळे आपल्या मराठवाड्यातच आहेत. अधिकाधिक मुलांचे वजन व्हावे आणि खरी श्रेणी लिहिली जावी, हा धडा त्या कामाने आपल्याला दिलेलाच होता. तो उजळायला हवा.

त्यासाठी मागणी फार मोठी नाही. नवा कर्मचारी नको, नवे ॲपही नको. २०२१ पासून पोषण ट्रॅकरमध्ये मुलागणिक नोंद होतेच आहे. त्या नोंदीतून दर महिन्याला प्रत्येक बीटसाठी एक छोटा तक्ता निघावा. आडव्या ओळींत मागच्या महिन्याचे गट: तीव्र, मध्यम, साधारण आणि ‘मोजले नाही’. उभ्या रकान्यांत या महिन्याचे तेच चार गट. सोळा घरांचा तक्ता, शाळेच्या पाटीवर मावेल एवढा. कोणत्या घरात किती मुले, एवढेच त्यात भरायचे. साधारणमधून मध्यममध्ये घसरलेली मुले कोणत्या वस्तीवरची, तीव्रमध्येच सहा महिने अडकलेली कोण, आणि ‘मोजले नाही’च्या घरात तीन महिने बसलेले मूल कोणाचे, हे पर्यवेक्षिकेला, वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि ग्रामसभेलाही एका नजरेत दिसेल. तीव्रमधून मध्यममध्ये आलेले मूलही त्यात सुधारलेले म्हणून दिसेल. आज ‘कुपोषित’ या एकाच शब्दात ती सुधारणा बुडून जाते. स्थलांतरित मुलांची नोंद गावाबरोबर न थांबता मुलाबरोबर पुढे जावी. आणि आढावा बैठकीत पहिला प्रश्न ‘टक्का किती’ हा नसावा, ‘किती मुले मोजायची राहिली’ हा असावा.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनाही या कामात घ्यावे. नाव-गाव झाकून हे तक्ते त्यांच्या हाती दिले, तर पुस्तकातले मॅक्निमार आणि मार्कोव्ह त्यांना आपल्या तालुक्यातच भेटतील आणि तालुक्याला फुकटात चांगले विश्लेषण मिळेल.

त्या सेविकेची वही मी पुढे अनेकदा मागून घेतली. प्रत्येक मुलाला एक ओळ आणि प्रत्येक महिन्याला एक घर, अशी तिची मांडणी होती. ऊसतोडीला गेलेल्या त्या दोन मुलांपैकी एक एप्रिलमध्ये परत आले. त्याची ओळ पुन्हा सुरू झाली, हळूहळू वर चढली. दुसऱ्याची ओळ नोव्हेंबरातच थांबली. पुढची घरे तिने कोरी ठेवली होती, पण नाव मात्र खोडले नव्हते. आपल्या अहवालांत निदान ती कोरी घरे तरी दिसू द्या.